मुंबईच्या उकाड्यात घरच्या कोंबड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या मढच्या आमच्या घरामागे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. फेब्रुवारी सरत आला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. हजार पक्ष्यांची शेड असेल तर गणित वेगळं.

मुंबईत पारा ३३-३४च्या वर क्वचित जातो. विदर्भात ४४ अंशांत कोंबड्या जगतात, मग आपल्याकडे एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न पहिला, कारण बाकीची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच मार्ग. एक, तुरा, चोचीखालचं लोंबतं लाल मांस, पाय आणि पंखांखालची उघडी कातडी यांतून ती हवेत सोडायची. दुसरा, धापा टाकून घशातली ओल सुकवायची. हवा जसजशी अंगाच्या तापमानाजवळ येते तसतसा पहिला मार्ग आखडतो आणि भिस्त धापांवर येते.

आणि धापा कोरड्या हवेतच नीट काम करतात. मे महिन्यात दुपारी दोरीवरचा टॉवेल नागपुरात किती वेळात वाळतो आणि वर्सोव्यात किती, एवढं आठवून पाहा. आकड्यांत सांगायचं तर हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं साधारण २३ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्क्यांत तेच फडकं २८च्या खाली जात नाही. कोंबडीचा घसा म्हणजे असंच एक ओलं फडकं.

कोंबडीवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज १६०च्या पुढे गेली की सावध व्हायचं. ३३ अंश म्हणजे ९१ फॅरनहाइट. त्यात ७० मिळवा. वर रात्रीसुद्धा पारा २७च्या खाली उतरत नाही, त्यामुळे दिवसभर तापलेल्या पक्ष्याला सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून मी तीन गोष्टींवर भर देतो: सावली, वारा आणि अंगाला टेकणारा गारवा. हवेत पाणी उडवून आणलेला गारवा मुंबईत कामाचा नाही.

सर्वांत वाईट दिवस कोणते? मे महिन्यातले ना?

मे वाईटच, पण तो सांगून येतो. फसवतो तो मार्च. त्या दिवसांत पूर्वेकडून, जमिनीवरून गरम वारा येतो आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो. तोवर पारा चाळिशीजवळ गेलेला असतो. २८ मार्च १९५६ला सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. कोंबड्यांना उकाड्याची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि मार्चमधला असा एखादा दिवस ती सवलत देत नाही. सगळी तयारी होळीच्या आधी उरका.

त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

चोच उघडी आणि पंख अंगापासून थोडे लांब धरलेले, ही पहिली खूण. एवढ्यावर घाबरू नका, दुपारी दोन वाजता हे सगळ्याच करतात. गळ्याची कातडी भरभर थरथरायला लागली, कोंबडी उभ्या जागी डुलायला लागली, डोळे अर्धे मिटले, तुऱ्याचा लाल रंग उडाला किंवा काळसर झाला, की मात्र हातातलं काम टाकून तिच्याकडे जा. पातळ, पाण्यासारखी विष्ठाही याच वेळी दिसते. ती पाणी जास्त प्यायल्यामुळे असते, लगेच रोग समजू नका.

एक खूण लोकांच्या नजरेतून सुटते: नेहमी पायांत घोटाळणारी, दाणे दाखवल्यावर धावत येणारी कोंबडी जागची हलत नाही. आपल्याला वाटतं, निवांत बसलीये.

कोंबडी कोसळली. आता लगेच काय करू?

सावलीत न्या. बादलीत साधं नळाचं पाणी घ्या, बर्फाचं नको. मान आणि डोकं वर धरून बाकीचं अंग पाण्यात बुडवा आणि पिसांत बोटं घालून पाणी कातडीपर्यंत पोचू द्या. वरून नुसतं शिंपडलेलं पाणी पिसांवरून ओघळून जातं. दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढून पंख्यासमोर ठेवा.

घशात पाणी ओतू नका. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या घशात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि उकाड्यातून वाचलेली कोंबडी त्याने मरते. बोटाने चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळायला लागली की वाटी पुढे करा. सावरल्यावरही त्या दिवशी तिला वेगळी, शांत जागी ठेवा. कोसळलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचतात. कोंबड्यांत दयामाया हा प्रकार नाही.

फॉगर लावू का? कूलर? ओली गोणपाटं?

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी एका व्हिडिओत बघून मी खुराड्यात फॉगरची नळी लावली. बारीक धुकं उडायचं, बघायला छान वाटायचं. खुराड्याच्या तीन बाजू बंद होत्या. पहिल्याच दुपारी आतली हवा कोळीवाड्यातल्या बंद न्हाणीघरासारखी झाली आणि संध्याकाळपर्यंत अंड्यांवरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, दोन चांगल्या कोंबड्या गेल्या. व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. तो कोरड्या मुलखातला होता, एवढंच. माझ्या धुक्याने आधीच ओली असलेली हवा आणखी ओली केली आणि धापांचा उरलासुरला उपयोग काढून घेतला.

कूलरचंही तेच, बंद जागेत तर नकोच. ओलं गोणपाट पूर्ण उघड्या, वारा खेळणाऱ्या बाजूला टांगलं तर थोडा फरक पडतो, पण त्याने वारा अडत असेल तर काढून टाका. मार्चमधल्या त्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी मात्र गोणपाट झकास चालतं. म्हणजे साधन वाईट नाही, दिवस बघून वापरायचं. बाजारात शे-दोनशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं. साठच्या वर आकडा असेल तर हवेत पाणी उडवू नका.

मग पाण्याचा उपयोगच नाही का?

आहे की. पाणी हवेत उडवण्याऐवजी कोंबडीच्या अंगाला लागू द्या. पसरट घमेल्यात दोन इंच पाणी भरून सावलीत ठेवा. पायांतून भरपूर रक्त फिरतं आणि पाण्यात उभं राहिलं की ते गार होऊन परततं. याला आर्द्रतेची आडकाठी नाही. सुरुवातीला कोंबड्या बिचकतात, मग घमेल्यात एक वीट ठेवायची, तिच्यावर एक चढते आणि तिचं बघून बाकीच्या.

दुसरं, झाडाखालची माती सकाळी भिजवून ठेवा. दुपारपर्यंत वरचा थर सुकतो, खाली ओल राहते. कोंबड्या ती उकरून पोट टेकून बसतात. आमच्याकडे आंब्याखाली एक असा खड्डा आहे आणि त्याच्यावरून रोज भांडणं होतात, म्हणून आता तीन खड्डे केलेत. धूळ अंगावर उडवायला मात्र एक कोपरा पूर्ण कोरडा ठेवा, नाहीतर उवा आणि गोचीड वाढतात.

तिसरं, पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून कापडात गुंडाळून खुराड्यात आडव्या ठेवायच्या. बसलेली कोंबडी त्यांना टेकते.

पत्र्याचं खुराडं आहे. मोडून नवं बांधू?

मोडू नका, पण पत्र्याशी भांडण करावंच लागेल. भर उन्हात पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो आणि खालच्या कोंबड्यांवर तव्यासारखी आच सोडतो. थर्मामीटर हवेचं तापमान ३४ दाखवत असतो आणि कोंबडी मात्र त्याहून कितीतरी जास्त सोसत असते.

सर्वांत स्वस्त उपाय चुना. फेब्रुवारीअखेरीस पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या, त्यात थोडा फेविकॉल घातला की पापुद्रे सुटत नाहीत. आपल्याकडचा पाऊस तो धुऊन नेतोच, तेव्हा हे काम दरवर्षीचं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे झावळ्या. विणलेली झापं पत्र्यावर टाकताना मध्ये बांबू घालून चार-सहा इंच जागा सोडा, म्हणजे वारा मधून जातो. मढ, गोराई, मनोरीकडे झावळ्या फुकट मिळतात. शहरात नारळ साफ करायला येणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. दिवाळीच्या आधी मात्र ती उतरवा. आमच्या शेजाऱ्यांच्या झापांवर एका वर्षी रॉकेट पडलं होतं.

हिरवी शेडनेट वापरणार असाल तर छपराच्या वर, हातभर अंतरावर ताणा. बरेच जण ती खुराड्याच्या बाजूंना गुंडाळतात. त्याने ऊन थोडं अडतं आणि वारा पुष्कळ अडतो.

आता दिशेचं. कुक्कुटपालनाची पुस्तकं सांगतात की खुराड्याच्या लांब उघड्या बाजू उत्तर-दक्षिण असाव्यात, म्हणजे ऊन आत येत नाही. मुंबईत दुपारचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि कलतं ऊनही पश्चिमेकडूनच. पश्चिम बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आलं. मी पश्चिमेला जाळीच ठेवली आणि तिच्यापासून चार फुटांवर केळी आणि पपई लावली. ऊन पानांवर अडतं, वारा खोडांमधून येतो. जूनमध्ये त्याच बाजूने पाऊस आत शिरतो, त्यासाठी वर गुंडाळून ठेवता येईल असा ताडपत्रीचा पडदा करून घ्या.

खाली तूस किंवा भुसा टाकत असाल तर उन्हाळ्यात थर दोन इंचांवर आणा. जाड थर आतून कुजतो आणि कुजताना उष्णता सोडतो. गर्दीही कमी करा. एका पक्ष्याला दोन चौरस फूट जागा ही एरवीची रीत, उन्हाळ्यात मी चार धरतो.

पंखा लावला तर?

लावाच. मुंबईत पैसे खर्च करायची सर्वांत योग्य जागा हीच. टेबलफॅन जाळीच्या बाहेरून, कोंबड्यांच्या उंचीला, आतल्या हवेला ढकलून बाहेर काढेल असा ठेवा. छताजवळ फिरणारा पंखा पत्र्याखालची गरम हवा परत खाली आणतो. वायर घुशींच्या दातांपासून लपवा, पाइपमधून घ्या. पिसांचा आणि धुळीचा थर मोटरवर बसतो, आठवड्याला पुसा.

रात्री खुराड्याचं दार उघडं ठेवू का, वारा येईल म्हणून?

नाही. मांजर, मुंगूस, घूस, भटकी कुत्री आणि आरे किंवा बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला राहत असाल तर बिबट्या. लाकडी दाराच्या जागी वेल्डमेशचं, म्हणजे जाड तारेच्या जोडलेल्या जाळीचं, दार करा, वारा येईल आणि चोर नाही. साधी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. रात्री डाल्याखाली कोंबड्या झाकायची आपली जुनी पद्धत एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा. बांबूचं डालं असलं तरी चार कोंबड्या एकीला एक खेटून बसल्या की आत भट्टी होते.

पाणी किती लागतं? बर्फ टाकू का?

अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते. कडक उन्हाळ्यात ते दुप्पट होतं, कधी त्याहून जास्त. पण पाणी कोमट झालं की ती पिणं टाळते, आणि प्लॅस्टिकच्या भांड्यातलं पाणी उन्हात अर्ध्या तासात कोमट होतं. मातीचे परळ वापरा, तीन-चार ठिकाणी, सगळे सावलीत. एकच भांडं असेल तर दांडगी कोंबडी तिथे ठाण मांडते आणि गरीब बिचारी तहानलेली राहते. दिवसातून तीनदा पाणी बदला. बर्फाचे दोन-चार खडे चालतात.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर आधी हाताला लावून बघा. दुपारी दोनला त्या नळाला चहाचं पाणी येतं.

पाण्यात काय मिसळू? मीठ-साखर, लिंबू, गूळ?

फार कडक दिवशी कोंबड्यांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, सकाळी एका भांड्यात. दुसऱ्या भांड्यात साधं पाणी हवंच. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ कोंबड्यांना विषासारखं आहे. गुळाचं पाणी दुपारपर्यंत आंबतं आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. मला एका दुकानदाराने ‘थंडावा देणारं टॉनिक’ म्हणून बाटली विकली होती. घरी येऊन वाचलं तर त्यात रंग आणि साखर.

मका उष्ण असतो, बंद करू का? खायला काय द्यावं?

मक्यापेक्षा वेळ महत्त्वाची. कुठलंही खाणं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतरच्या काही तासांत वाढते. दहा वाजता पोटभर खाल्लेली कोंबडी ऐन दुपारी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तापते. पहाटे साडेपाच-सहाला खायला घाला, नऊच्या सुमाराला भांडी उचला, पुन्हा पाचनंतर द्या. आमच्या आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण ती उन्हाळ्यात भल्या पहाटेच दाणे टाकायची.

मधल्या वेळात कलिंगडाची साल आतल्या पांढऱ्या गरासकट, काकडी, दुधी. भाजीवाल्याकडे संध्याकाळी उरलेला कोथिंबीर-माठ चालतो. हे पाण्यासाठी, पोटासाठी नाही. फार दिलंत तर त्या मॅश (दळलेलं तयार खाद्य) खात नाहीत आणि प्रथिनं कमी पडतात. दुपारी उरलेला भात मुळीच नको: पटकन आंबतो.

अंडी कमी झाली आणि सालं कागदासारखी झाली. काही रोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम कार्बोनेट बनवायला लागणारा माल त्यातूनच येतो. शिवाय कोंबडी कमी खाते, म्हणजे कॅल्शियमही कमी. कवच मुख्यतः रात्री चढतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा. इथे आपण नशीबवान: तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या धुवा, वाळवा, खलबत्त्यात जाडसर कुटा. फार बारीक पूड करू नका, खडे असले की पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. कोंबडा असेल तर नक्कीच, कारण मुंबईच्या खोलीच्या तापमानाला फळलेल्या अंड्यात गर्भ वाढायला लागतो. आमच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर आमलेट करताना ते कळलं.

कोंबडी खुडूक बसलीये. बसू देऊ?

एप्रिल-मेमध्ये शक्यतो नको. ती २१ दिवस जेमतेम उठते, पाणी दिवसातून एकदा पिते आणि बंद कोपऱ्यात बसते. बसवायचीच असेल तर जागा वाऱ्याची द्या आणि रोज संध्याकाळी हाताने उठवून पाण्याशी न्या. नको असेल तर दोन-तीन दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा. पोटाखालून वारा लागला की खूळ उतरतं.

पिल्लांना बल्ब लावायचा का?

पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश लागतात. मेमधल्या मुंबईत दुपारी ते फुकट मिळतात. बल्ब रात्री लावा, दिवसा पिल्लांकडे बघून ठरवा. घोळका करून चिवचिवत असतील तर थंडी, कडेला पांगून चोची उघड्या असतील तर उकाडा. बल्बमुळे मेलेली पिल्लं मी थंडीने मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

उन्हाळ्यासाठी कोणती जात घ्यावी?

गावठी. त्यातही उघड्या मानेची मिळाली तर उत्तम, तिच्या अंगावर पिसं कमी असतात आणि ती उकाडा चांगला काढते. वनराज, गिरिराज अंगाने मोठ्या, त्यांना सावली आणि पंखा जास्त लागतो. कडकनाथ काटक आहे, पण काळं अंग उन्हात तापतं, सावली हवीच. ब्रॉयलरची पिल्लं हौसेने आणून मेमध्ये वाढवू नका. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचं होणारं ते अंग इतकी उष्णता तयार करतं की सर्वांत आधी तेच कोसळतं.

फ्लॅटच्या गॅलरीत किंवा गच्चीवर चालेल?

सोसायटी काय म्हणेल ते तुम्ही जाणता. कोंबडा पहाटे चारला बांग देतो, एवढं लक्षात असू द्या. उकाड्यापुरतं सांगतो: पश्चिमेची काचा लावलेली गॅलरी नको. गच्चीची लादी रात्री दहापर्यंत गरम असते, तिथे खुराडं जमिनीपासून दोन फूट वर हवं.

कोंबडी मेली. उकाड्याने की रोगाने?

उकाड्याने मरतात त्या बहुधा दुपारनंतर, भर उन्हाच्या दिवशी, आणि लठ्ठ किंवा अंड्यावरच्या आधी. सकाळी गार वेळेला मेलेल्या सापडल्या, मान वळली, हिरवी हगवण दिसली, तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. ती लसही उन्हाळ्याआधी टोचून घ्यायला हवी. एका दिवसात बऱ्याच मेल्या किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकांना कळवा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शवविच्छेदनाबद्दल तिथे विचारता येतं. पुरून टाकून गप्प बसू नका.

पाऊस आला की सुटलो ना?

उन्हातून सुटता, दमटपणातून नाही. जूनमध्ये पारा उतरतो आणि वाराही असतो, पण तूस ओलं होऊन अमोनियाचा वास यायला लागतो, ते रोज उलथावं लागतं. आणि पंखा माळ्यावर टाकू नका. ऑक्टोबरात पाऊस संपतो, वारा पडतो, ऊन पुन्हा मार्चसारखं होतं आणि तोवर चुना धुऊन गेलेला असतो. गेल्या वर्षी माझी सर्वांत मोठी कोंबडी दसऱ्यानंतरच्या दुपारी डुलायला लागली, तेव्हा घमेलं अडगळीतून शोधण्यात पाच मिनिटं गेली. वाचली ती.